अस्वले पाहायला निघताना

बाबा,

येत्या शनिवारी मी अस्वले पाहायला जाणार आहे. पिंजऱ्यातली नव्हेत, रानातली. शुक्रवारी कल्याणहून गाडी आहे. सकाळी कर्नाटकातल्या एका लहान स्टेशनावर उतरायचे, तिथून जीपने खडकाळ टेकड्यांमधल्या अभयारण्यात जायचे, दुपारभर एका मनोऱ्यावर तोंडातून शब्द न काढता बसायचे आणि दिवस मावळायच्या आत परत फिरायचे. बरोबर वाटाड्या आहे, दुर्बिणी आहेत, काय खायला न्यावे आणि काय नेऊ नये याच्याही सूचना आहेत. सगळे याला सहल म्हणतात आणि मीही तोच शब्द वापरते आहे. ज्या जनावराने तुमचा अर्धा चेहरा नेला, ते पाहायला तुमची मुलगी हौसेने निघाली आहे, हे मी सहलीतल्या कोणालाही सांगितलेले नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्हाला सांगितल्याने माझे काही बिघडत नाही. ही पळवाट आहे, हे मला कळते.

सहल कशी ठरली ते आधी सांगते. उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथालयात काम करते. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते, म्हणून हे तुम्हाला माहीत नाही. पुस्तकांवर शिक्के मारायचे, परत आलेली जागेवर लावायची आणि कोणाशी फारसे बोलायचे नाही, असे हे काम आहे आणि ते मला मानवले आहे. तिथे बदलापूरचा एक तरुण रानातली छायाचित्रे दाखवायला आला होता. त्याचे घर तिथल्याच खरवई गावातले, जुने शेतकरी. शेतावर इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्याच एका इमारतीत आता आई आणि मी राहतो. तो लोकांना रानात घेऊन जातो; आमचा वाटाड्या तोच. पडद्यावर त्याने एक मादी दाखवली. पाठीवर दोन पिल्ले बसवून ती खडक उतरत होती आणि पिल्लांनी तिच्या केसांत तोंडे खुपसली होती. सभागृहात बायका "अगं बाई" म्हणाल्या. मी घरी येऊन त्याला संदेश पाठवला की माझे नाव घ्या. फोन करून बोलण्याचे धाडस मला अजून होत नाही.

तुमच्या चेहऱ्याचे वर्णन करावे असे मला कधी वाटले नव्हते, कारण तो मला नुसता चेहरा वाटे. डावा डोळा नव्हता. डाव्या गालाची कातडी कानाकडे ओढून शिवलेली होती, त्यामुळे वरचा ओठ त्या बाजूने उचललेला राही आणि तुम्ही रागावलात तरी अर्धे हसत आहात असे दिसे. घास त्या बाजूने निसटे. म्हणून तुम्ही भिंतीकडे तोंड करून जेवत असा. अंबरनाथच्या चाळीतल्या त्या स्वयंपाकघराला हिरवा तेलरंग होता. तुम्ही एकटे पडू नये म्हणून आईही भिंतीकडे तोंड करून बसे आणि मधे मी. तिघांची ताटे ओळीने भिंतीला लागून, जणू भिंतीनेच आम्हाला जेवायला बोलावले आहे. सगळी माणसे अशीच जेवतात अशी माझी समजूत होती. एकदा वर्गातल्या मैत्रिणीच्या घरी मला जेवायला बसवले, तेव्हा मी सवयीने ताट उचलले आणि भिंतीकडे वळले. तिच्या आजीला वाटले, पोरगी रुसली. तिने माझ्या पानात आणखी एक लाडू वाढला. घरी येऊन हे सांगितले तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आले आणि तुम्ही इतके हसलात की घास पार भिंतीवर गेला.

"असू दे, पोरी," तुम्ही म्हणालात. "भिंतीले कान असतेत, तोंड नसते. आपलं उष्टं कोणाले सांगत नाई थे."

कारखान्यात तुमचा चेहरा वेगळ्याच कामी येई. तुम्ही बॉयलरवर होता. दुसरी पाळी असली की मी डबा घेऊन येत असे आणि ओळखीचा वॉचमन मला आत सोडत असे. एकदा मी आले तेव्हा सुपरवायझर नव्या पोरांना घेऊन तुमच्यासमोर उभा होता. "हे बघा, काकांकडे नीट बघा. गॉगल न लावता वाफेशी मस्ती केली की असं होतं. कळलं? लावणार ना गॉगल?" पोरे घाबरून "हो साहेब, हो साहेब" म्हणत होती. तुम्ही गंभीरपणे मान हलवलीत आणि म्हणालात, "म्या नाई लावला. भोगून राह्यलो." मग माझ्याकडे वळून उरलेला डोळा मिचकावलात. मी डबा पोटाशी धरून हसू दाबत उभी आहे, अंगावर बॉयलरची धग येते आहे, आणि तुमच्या त्या एका डोळ्यात केवढी गंमत आहे! घरी आईने विचारले, खरे का नाही सांगितलेत? तुम्ही म्हणालात, "खरं सांगतलं असतं त एकानं तरी गॉगल लावला असता का?"

खरे तुम्ही मला एकदाच सांगितलेत, तेही माझ्यावर चिडून. आठवीत 'मला न आवडणारा प्राणी' या विषयावर निबंध होता. मी लिहिले, 'अस्वल हा अत्यंत क्रूर, कपटी व हिंस्र प्राणी आहे.' कपटी हा शब्द मला फार आवडला होता. बाईंनी निबंध वर्गात वाचून दाखवला. तुम्हाला बरे वाटेल, मी तुमच्या बाजूने बोलले आहे हे तुम्हाला कळेल, म्हणून तो मी तुमच्यासमोर मोठ्याने वाचला. तुम्ही खाटेवर बसून पायाला तेल चोळत होता. हात थांबला.

"पाह्यलं का तू त्याले?"

"नाही."

"मंग कपटी काऊन लिवलं?"

"त्यानं तुम्हाला..."

"मले त्यानं काय केलं थे मले माईत हाय. मी त्याच्या झाडाखाली गेलो का थो माह्या घरी आला? क्रूर असता त अर्धा काऊन ठेवला असता मले? तू तरी असती का मंग?"

मग तुम्ही सांगितलेत. मोहाची फुले पहाटे गळतात. प्रत्येक घराचे झाड ठरलेले असते, पण जो आधी पोचला त्याची टोपली आधी भरते, म्हणून गावातले सगळे अंधारातच निघतात. तुम्ही मिसरूड फुटल्या वयाचे होता आणि तुम्हाला सगळ्यांच्या आधी पोचायचे होते. झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ केलेली असते, त्यामुळे जळके बुडखे सगळीकडे असतातच. त्यातल्या एका बुडख्याजवळ तुम्ही वाकून फुले वेचायला लागलात. "अन् बुडखा उठला," तुम्ही म्हणालात. एवढेच. पुढचे सांगितले नाहीत. "त्याची जेवाची वेळ होती. मी मधात गेलो," असे म्हणून पुन्हा पायाला तेल चोळू लागलात.

पुढच्याच रविवारी तुम्ही मला भायखळ्याला राणीच्या बागेत घेऊन गेलात. "पाहून घे, अन् मंग लिव." आपण विचारत विचारत अस्वलाच्या पिंजऱ्याशी पोचलो. तिथे काही दुरुस्ती चालली होती आणि पिंजरा रिकामा होता. आत एक कोरडी पाण्याची टाकी आणि एक टायर. "सुट्टीवर असन बिचारा," तुम्ही म्हणालात, आणि कठड्याजवळची माणसे हसली. पण माझा हात तुमच्या हातात होता, बाबा. तो घामाने ओला झाला होता आणि तुम्ही तो इतका घट्ट धरला होता की माझी बोटे दुखू लागली. आणि तिथे काहीही नव्हते.  मग आपण उसाचा रस प्यालो आणि परत आलो. तुम्ही मला खूप काही आणून दिलेत, पुस्तकेही आणलीत. पण तो रिकामा पिंजरा दाखवायला नेलेला दिवस तुम्हाला किती जड गेला असेल हे मला फार उशिरा कळले, आणि आता मला तीच तुमची सर्वांत मोठी देणगी वाटते.

म्हणून मी का जाते आहे असे कोणी विचारले, तर माझ्यापाशी उत्तर होते. वडिलांबरोबर जे पाहायचे राहिले, ते पाहायला जाते आहे. हे उत्तर मी मनात नीट रचून ठेवले होते. विचारण्याची वेळ आली तेव्हा मी काय केले, ते आता लिहिते.

गेल्या रविवारी उल्हासनगरात तयारीची बैठक झाली. पडद्याच्या कापडाचे दुकान असलेल्या एका सिंधी बाई आमच्यात आहेत. सगळे त्यांना आंटी म्हणतात. बैठक त्यांच्याच घरी होती. दारात पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी प्रत्येकाच्या हातात भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला दिला, ती त्यांची रीत. वाटाड्याने सूचना सांगितल्या. पांढरे, निळे, लाल कपडे नकोत. मातीचा, खाकी, वाळल्या पानांचा रंग चालेल. अत्तर नको, गजरा नको, कुरकुर वाजणारी पिशवी नको.

"अरे, परफ्यूम नहीं लगाना?" आंटी म्हणाल्या. "तो भालू को मैं अच्छी कैसे लगूंगी?"

"आंटी, भालूला तुम्ही आवडायचंच नाहीये. तुम्ही आहात हेच त्याला कळायचं नाहीये."

"मेरे हस्बैंड को भी ऐसे ही ट्रेनिंग दी है क्या तूने?"

सगळे हसले. मीही हसले. मला तिथे बरे वाटत होते, हे लिहायला हवे. मग वाटाड्या म्हणाला, "आता एक फोटो दाखवतो. दाखवायला आवडत नाही, पण दाखवला की जीपमधून खाली पाय टाकायची कोणाची हिंमत होत नाही." आणि भिंतीवर एका माणसाचा चेहरा आला.

तो तुमचा नव्हता. त्याची उजवी बाजू गेली होती. पण ओठ तसाच उचललेला होता आणि कातडी तशीच कानाकडे ओढलेली. आंटींनी डोळ्यांवर पदर घेतला. "हाय राम, बंद कर, बंद कर! बेटा, अभी नाश्ता बाकी है!" मागून कोणी तरी हळू म्हणाले, "असं जगण्यापेक्षा..." आणि वाक्य तसेच सोडले. सगळ्यांनी माना फिरवल्या होत्या. मी फिरवली नव्हती. मी त्याच्याकडे पाहत होते, कारण घरचे कोणी अचानक दारात उभे राहावे तसे मला झाले होते. मला वाटले, याला बसायला सांगावे, पाणी द्यावे. वाटाड्याने दिवा लावला आणि विचारले, "कोणाच्या पाहण्यात आहे का असा माणूस? तुमच्या गावाकडे वगैरे?" आणि त्याची नजर माझ्यावर थांबली. एकटीच मी बघत होते म्हणून असेल.

मी मान हलवली. नाही.

आंटींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "डर गई बेचारी," त्या म्हणाल्या आणि मला सरबताचा पेला आणून दिला. मी घाबरले आहे असे त्यांना वाटू दिले आणि सरबत प्याले. ते गोड होते आणि मला आवडले.

एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण माझे मराठी चांगले म्हणून वाटाड्याने मला सगळ्यांसाठी एक पानभर माहिती लिहून द्यायला सांगितली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी, ग्रंथालयात कोणी नसताना, मी ती लिहिली. सावधगिरीच्या परिच्छेदात उदाहरण हवे होते. मी लिहिले, 'मोहाच्या हंगामात पहाटे फुले वेचण्यास गेलेल्या एका इसमावर अस्वलाने हल्ला केल्याचे उदाहरण आहे.' इसम. पंचनाम्यात असतो, बेवारस प्रेताच्या बातमीत असतो, तो शब्द. दहावीत शाळेत पहिली आलेल्या तुमच्या मुलीला तुमच्यासाठी तेवढाच सुचला. वाक्य व्याकरणाला धरून आहे. ते छापून सगळ्यांना वाटलेही गेले.

आता आईचे. आईला मी सांगितले की लेणी पाहायला जाते आहे. आपल्या घरात लेणी म्हटल्यावर कोणी का म्हणून विचारणार नाही, असा माझा हिशेब. आई पोळपाट पुसत होती. तिची बोली तुमच्यासारखीच, इतकी वर्षे इकडे राहूनही गावाकडचीच राहिली आहे.

"बुद्धाची हायत का?"

"असतील एखादी."

या 'असतील'वर सगळे घडले. मी विसरलेच होते की आपल्या घरात लेणी पाहायला कोणी एकटे जात नाही. तुम्ही होता तेव्हा आपण कार्ल्याला गेलो, कान्हेरीला गेलो, तेव्हा निम्मी चाळ बरोबर असे आणि आई पांढऱ्या साडीत सगळ्यांच्या पुढे. संध्याकाळी मी कामावरून आले तर कपाटातली पांढरी साडी नीळ घालून दोरीवर वाळत होती. ती विहारात जाऊन बायकांना सांगूनही आली होती, "माह्या पोरीनं लेण्याईची सहल काढली." बायकांनी आपापल्या नावाच्या मेणबत्त्या आणि उदबत्त्यांचे पुडे तिच्याजवळ दिले होते, तिथे लावायला. ओट्यावर त्या पुड्यांचा ढीग होता. मी बूट काढता काढताच म्हणाले, "आई, जागा नाहीत. मोजक्याच होत्या."  "बरं. मंग माह्या नावानं तू लावजो," असे म्हणून तिने साडीची घडी घातली, पण कपाटात ठेवली नाही. खुर्चीवर ठेवली. न जाणो, जागा झालीच तर.

उल्हासनगरातून मी खाकी शर्ट आणि तशीच विजार आणली. विजार मी आजवर घातलेली नव्हती. आरशासमोर उभी राहिले तर आई दारातून म्हणाली, "लेण्यात खाकी? पोलीस भरतीले चालली का?"

"तिकडे धूळ फार असते."

"अव, वंदना कराले जाते माणूस त पांढरं घालते. धूळ लागली त झटकून टाकाची." आणि ती हसली. तिचे ते हसणे मला सोसवेना. तरी मी खरे सांगितले नाही. नीट विचार करते तेव्हा दिसते की खोटे बोलणे मला अवघड गेलेच नाही, कारण मी मुळातच कमी बोलते. फक्त गप्प राहायचे होते, आणि त्यात मी नेहमीच पहिली आले आहे.

काल सकाळी मी अंघोळीला गेले असताना वाटाड्याचा फोन आला आणि आईने उचलला. बाहेर आले तेव्हा ती ओट्याशी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुया वाटाड्या होता. कोणी तरी गळला म्हणे, अजून कोणी येते का इचारत होता. जागा झाली."

मी केस पुसत उभी राहिले.

"अस्वलाच्या गाडीत," ती म्हणाली. "पांढरं काई आणू नका म्हणे."

तव्यावर भाकरी पडली. तिने पाण्याचा हात फिरवला.

"लेणी काऊन म्हणाली?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"मले?" तिने प्रथमच माझ्याकडे पाहिले. "मले काय वाईट वाटन? त्या अस्वलाचा पंजा लग्नापासून रोज माह्या बाजूले बसून जेवला. मले त्याचं नवल नाई. वाईट तुले वाटते."

"तसं नाही, आई."

"मंग कसं? पयले जागा नाई म्हणाली, तवा विचारलं होतं का तू?"

"नाही."

"काऊन नाई विचारलं?"

 तिने भाकरी उलटली आणि माझ्याऐवजी तिनेच उत्तर दिले. "मी बोलतो म्हणून. रेशनच्या लाइनीत बोलतो, दवाखान्यात बोलतो, रिक्षावाल्याले बी सांगतो. तिथं बी सांगीन म्हणून तुले लाज वाटते." ती रागावून बोलली नाही. भाजीत मीठ कमी आहे, असे सांगावे तसे बोलली.

मला म्हणायचे होते की लाज तुमची नाही. पण मग कशाची, हे विचारले असते तर? मी स्वतःला सांगत आले आहे की ती मागून आलेली अर्धी ओळ, 'असं जगण्यापेक्षा', तुम्हाला लागू नये म्हणून मी तुम्हाला लपवते. त्यांच्या दयेपासून तुम्हाला वाचवते. हे कारण मला फार सोयीचे आहे. आईने तिथे एकदा का सांगितले, की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतील, आंटी माझा हात हातात घेतील, आणि त्या दिवशी मान हलवून मी 'नाही' म्हटले ते कोणाला, हे सगळ्यांना कळेल. तुम्ही कारखान्यात साऱ्या नव्या पोरांसमोर आपला चेहरा उभा केलात आणि डोळा मिचकावलात. मला माझी नुसती मान सुद्धा वर करता येत नाही.

"तू चल," मी म्हणाले. "मी त्यांना कळवते." आणि लगेच संदेश पाठवला, मन बदलायच्या आत.

संध्याकाळी आई मेणबत्त्या परत द्यायला विहारात निघाली. पुड्यांची पिशवी घेऊन मी मागून गेले. मला वाटले होते ती काही तरी सावरून सांगेल. तिने दारातच सांगितले, "लेणी नाई, बायांनो. पोरीचा घोळ झाला. आमी अस्वल पाहाले चाललो."

"अगं बाई! म्हणजे तुमच्या ह्यांना ज्यानं..."

"हो, थोच. म्हंजे त्याचा कोणी भाऊबंद असन."

"मग विचारून या त्याला, आमचा अर्धा कुठं ठेवलास म्हणावं."

"आणि व्याजासकट आणा," दुसरी म्हणाली. "मेणबत्त्या असू द्या, त्याच्या वाढदिवसाला लावा."

आई सगळ्यांत जास्त हसली, पदर तोंडाशी धरून, मान मागे टाकून. कोणी हळहळले नाही. एका म्हाताऱ्या बाईने आठवण काढली की तुम्ही त्यांच्या नातवाला सांगितले होते, बायकोने लाटणे फेकले म्हणून असे झाले, आणि तो पोरगा पुढे कितीतरी दिवस आईला पाहिले की पळत सुटे. माझ्याकडे कोणी पाहिलेही नाही. एकीने फक्त, वाळलीस गं, म्हटले. मी खांबाला टेकून उभी होते आणि मला दिसत होते की तुमच्याविषयी बोलणे किती सोपे आहे. तोंड उघडायचे आणि बोलायचे. त्याने कोणाचे काही होत नाही.

आज दुपारी मी हे लिहिते आहे. आई समोर बसून पिशवी भरते आहे. तिच्याकडे मातकट अशी साडी नव्हती. कोणाच्या तरी लग्नात आहेरात आलेली कॉफी रंगाची एक निघाली, ती तिला मुळीच आवडत नाही. ती तिने पिशवीत घातली आहे. मी काय लिहिते हे तिने विचारले नाही. ग्रंथालयाचे काही असेल असे तिला वाटत असावे. हे कागद मी कुठे ठेवणार आहे ते मलाही ठाऊक नाही. पाठवायला पत्ता नाही आणि वाचून दाखवायला, त्या निबंधासारखे, तुम्ही खाटेवर बसलेले नाही.

थोड्या वेळापूर्वी, पिशवीची चेन लावता लावता, ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तिथं मी काई बोलणार नाई. तुया लोकाईसमोर. भिऊ नको."

ज्या बाईने काल साऱ्या विहारासमोर तुम्हाला हसत हसत उभे केले, ती माझ्यासाठी दिवसभर तुम्हाला पोटात ठेवून मनोऱ्यावर बसायला तयार झाली होती. मी म्हणायला हवे होते, बोल, आई. सगळ्यांना सांग. तुझ्याआधी मीच सांगते. ही सगळी वाक्ये माझ्यापाशी होती. ती मी आत्ता या कागदावर एकही चूक न करता लिहिली आहेत.

मी "बरं" म्हणाले. आणि बाबा, मला हायसे वाटले.